वाचायला बसलं की अक्षरं पुसट होतात: डोळ्यांचा कोणता व्यायाम, कसा आणि कुणी करू नये

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी सोळा वर्षांची, अकरावीत. घर सेलूजवळच्या गावात, पण नीटच्या क्लाससाठी लातूरला खोली करून राहते. वीसेक मिनिटं वाचलं की अक्षरं पुसट होतात, ओळ हलल्यासारखी वाटते, भुवयांच्या वर दुखतं. शाळेतल्या तपासणीत डोळे चांगले निघाले होते. चष्म्याच्या एका दुकानात कॉम्प्युटरवर बघून मायनस ०.५० नंबर सांगितला, दुसऱ्या दुकानात काहीच नाही म्हणाले. मोबाईलवर डोळ्यांच्या व्यायामाचे ढीगभर व्हिडिओ आहेत. ते करावेत का, आणि कोणते, असं आईने विचारलं आहे.

ताई, व्हिडिओंकडे नंतर वळू. तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे दोन दुकानांतले दोन नंबर. ते दुकानदाराच्या चुकीमुळेच आले असं समजू नका. सोळा वर्षांच्या डोळ्याचा फोकस एका तासात बदलू शकतो, आणि तो बदलतोय हेच कदाचित दुखणं असेल. मुलीच्या डोळ्यातला फोकस करणारा स्नायू कमजोर आहे की सतत आवळलेला आहे, हे कळल्याशिवाय एकही व्यायाम सुरू करू नका. कमजोर स्नायूला जो व्यायाम लागतो, तोच आवळलेल्या स्नायूला आणखी आवळतो.

शाळेतल्या तपासणीत हे का सापडलं नाही, तेही सांगतो. तिथे सहा मीटरवरचा (कधी आरशातून तीन मीटरवरचा) तक्ता वाचायला लावतात. त्यातून लांबचं दिसतं का एवढंच कळतं. पुस्तक हातभर अंतरावर धरून दोन तास वाचताना डोळा काय करतो, हे त्या तक्त्यावर दिसत नाही. त्यामुळे ६/६ नजर असूनही वाचताना डोकं दुखणारी मुलं पुष्कळ असतात आणि घरचे त्यांना ‘अभ्यासाचा कंटाळा’ म्हणतात.

आत काय चालतं ते एकदा समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. जवळचं बघताना डोळ्यांना दोन कामं एकदम करावी लागतात. पहिलं काम फोकसचं. बुबुळाच्या मागे, भिंगाभोवती गोल स्नायू असतो. तो आकसला की भिंगाला धरून ठेवणारे तंतू ढिले पडतात, भिंग फुगतं आणि जवळचं स्पष्ट होतं. दुसरं काम दोन्ही डोळे नाकाकडे वळवण्याचं, म्हणजे दोघांची नजर एकाच अक्षरावर पडते. याला कन्व्हर्जन्स म्हणतात. फोकस कमी पडला तर अक्षर पुसट होतं, वळणं कमी पडलं तर अक्षर दोन होतं किंवा ओळ सरकते. तुमच्या मुलीला पुसटही होतं आणि ओळही हलते, म्हणजे दोन्ही कामं तपासावी लागतील.

अंतराचा हिशोबही महत्त्वाचा. पुस्तक ४० सेंटिमीटरवर असेल तर फोकसला अडीच डायॉप्टर (भिंगाची ताकद मोजण्याचं माप) जोर लागतो. कॉटवर आडवं पडून मोबाईल २० सेंटिमीटरवर धरला की तोच जोर पाच डायॉप्टर होतो, म्हणजे दुप्पट. क्लासचे सहा तास, त्यानंतर डाउट सोडवायचे व्हिडिओ, असा दिवस असेल तर स्नायूला सुट्टी अशी मिळतच नाही.

घरी करता येणारी मोजणी

हे निदान नव्हे. पण डॉक्टरकडे जाताना हातात आकडे असले की तपासणी नेमकी होते. ३० सेंटिमीटरची पट्टी आणि आइस्क्रीमची लाकडी काडी घ्या. वर्तमानपत्रातल्या बातमीच्या मजकुरातला एक शब्द कापून काडीच्या टोकाला चिकटवा. ठळक मथळ्यातला शब्द घेऊ नका, तो पुसट झाला तरी वाचता येतो. चष्मा असेल तर तो लावूनच मोजा.

आधी एकेका डोळ्याचं. डावा डोळा कागदाने झाका. तळहाताने दाबू नका, दाबलेला डोळा नंतर दोन मिनिटं धूसरच बघतो. काडी हातभर अंतरावरून हळूहळू जवळ आणा. शब्द पुसट झाला की थांबा आणि तिला ‘स्पष्ट कर’ म्हणा. दोन-तीन सेकंदांत स्पष्ट झाला तर आणखी जवळ न्या. जिथे पुसटपणा जातच नाही, तिथून डोळ्यापर्यंतचं अंतर लिहून ठेवा. डोळ्याची कमीत कमी ताकद काढण्याचं एक जुनं सूत्र आहे: १५ मधून वयाचा पाव भाग वजा करायचा. सोळा वर्षांना ११ डायॉप्टर येतात, म्हणजे साधारण ९ सेंटिमीटरपर्यंत अक्षर स्पष्ट राहायला हवं. काडी ११ सेंटिमीटरपर्यंत यायच्या आधीच शब्द पुसट होत असेल तर फोकस कमजोर असण्याची शक्यता धरा. प्रत्येक डोळ्याचं तीनदा मोजा. पहिल्यांदा ९, दुसऱ्यांदा ११, तिसऱ्यांदा १४ असं येत गेलं तर स्नायू दमतो आहे, आणि एकदाच मोजलं असतं तर हे कळलं नसतं.

मग दोन्ही डोळे उघडे ठेवून. काडी नाकाच्या मधोमध, डोळ्यांच्या किंचित खाली धरून जवळ आणा आणि शब्द दोन झाला की थांबा. नाकाच्या मुळापासून ६ सेंटिमीटरच्या आत येईपर्यंत शब्द एकच राहिला तर ठीक. १० सेंटिमीटरवरच दोन होत असेल तर वळण्याची ताकद बहुधा कमी आहे. हे पाचदा करा.

या वेळी समोर बसलेल्या माणसाने मुलीचे डोळे बघायचे आहेत. काही मुलं म्हणतात, ‘मला शेवटपर्यंत एकच दिसतं’, आणि तेवढ्यात त्यांचा एक डोळा सटकन बाहेर वळलेला असतो. मेंदूने त्या डोळ्याचं चित्र बंद केलेलं असतं, म्हणून दोन दिसत नाही. अशा वेळी डोळा सुटला ते अंतर लिहायचं, मुलीने सांगितलेलं नाही.

तिसरी गोष्ट मोजायची नाही, विचारायची आहे. सकाळी उठल्यावर समोरच्या दुकानाची पाटी स्पष्ट दिसते आणि तीन तास अभ्यास करून उठल्यावर तीच पाटी धूसर दिसते, पुन्हा अर्ध्या तासाने निवळते, असं होतं का? होत असेल तर स्नायू आवळलेला राहतोय. जवळच्या फोकसवर अडकलेला डोळा लांबचं बघायला सुटत नाही. कॉम्प्युटरवर बघितलेला मायनस ०.५० इथूनच येऊ शकतो, कारण यंत्रात डोकावताना मुलं नकळत आणखी फोकस करतात. असा खोटा मायनस नंबर चष्म्यात घातला की स्नायूला आणखी जोर लावावा लागतो आणि दर सहा महिन्यांनी चष्मा बदलत जातो.

डॉक्टरकडे काय मागायचं

चष्म्याच्या दुकानात हे काम होणार नाही. नेत्रतज्ज्ञाकडे जा आणि थेंब घालून नंबर काढायला सांगा. थेंबांनी फोकसचा स्नायू काही काळ सुटतो आणि खरा नंबर उघडा पडतो. कधी मायनसच्या जागी लपलेला प्लस नंबर सापडतो. मग व्यायामाआधी चष्मा लागतो आणि अर्धी तक्रार तिथेच संपते. छत्रपती संभाजीनगरची घाटी, लातूर, अंबाजोगाई, नांदेड इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत नेत्रविभाग आहेत. मुलगी लातूरलाच असल्याने तिला गावी बोलवायची गरज नाही.

थेंबांची एक अडचण आधीच सांगून ठेवतो. बाहुली मोठी होते, उन्हाचा त्रास होतो आणि जवळचं दिसत नाही. सायक्लोपेंटोलेट घातलं तर साधारण एक दिवस, होमॅट्रोपीन घातलं तर एक ते तीन दिवस, ॲट्रोपीन मलम असेल तर आठवडा-दोन आठवडे. म्हणून क्लासच्या टेस्टच्या आदल्या दिवशी जाऊ नये. टोपी किंवा गॉगल न्यावा, सोबत कुणीतरी असावं, आणि त्या दिवशी स्कूटी चालवू नये.

तपासणी झाल्यावर ‘सगळं नॉर्मल आहे’ या वाक्यावर उठून येऊ नका. पाच गोष्टी कागदावर लिहून मागा: थेंब घालून आलेला नंबर, प्रत्येक डोळ्याची फोकसची ताकद, शब्द दोन होण्याचं अंतर, लांब आणि जवळ बघताना डोळ्यांचा बाहेर जाण्याचा कल प्रिझममध्ये (हा कल मोजण्याचं माप) किती, आणि फ्लिपरचा आकडा. फ्लिपर म्हणजे दांडीला लावलेली चार भिंगं, एका बाजूला +२.००, दुसऱ्या बाजूला −२.००. ४० सेंटिमीटरवर बारीक अक्षर वाचताना बाजू उलटत जायचं आणि मिनिटात किती फेऱ्या होतात ते मोजायचं. तेरा वर्षांपुढच्या मुलांत एका डोळ्याने ११ आणि दोन्ही डोळ्यांनी ८ फेऱ्यांच्या आसपास अपेक्षा असते. मायनस बाजूला अक्षर स्पष्ट व्हायला वेळ लागला तर स्नायू जोर लावू शकत नाही. प्लस बाजूला अडखळलं तर तो सुटू शकत नाही. कमजोर की आवळलेला याचं उत्तर या एका खेळातून बऱ्यापैकी मिळतं.

स्नायू आवळलेला निघाला तर

पेन्सिल नाकाजवळ आणण्याचा व्यायाम अजिबात करू नका. व्हिडिओंमधला सगळ्यात लाडका व्यायाम तोच असतो, म्हणून मुद्दाम सांगतो. इथे उपचार उलट दिशेने चालतो: मायनसचा चष्मा नाही, वाचताना डॉक्टरांनी दिलेला हलका प्लस नंबर, फ्लिपरची फक्त प्लस बाजू, दर वीस मिनिटांनी गच्चीवर किंवा खिडकीत जाऊन लांबची पाटी ओळखणं, आणि गरज पडली तर डॉक्टरांच्या देखरेखीत काही आठवडे थेंब. आडवं पडून मोबाईल बघणं बंद.

कमजोर निघाला तर

इथे व्यायामाचा खरा उपयोग आहे. पण ते कंटाळवाणे आहेत, हे मुलीला पहिल्याच दिवशी सांगा. दिवसाला १५ मिनिटं, आठवड्यातले पाच दिवस, निदान १२ आठवडे. वेळ संध्याकाळी पाच-सहाची ठेवा, मेसचा डबा यायच्या आधी. रात्री अकराला दमलेल्या डोळ्यांनी केलेला व्यायाम वाया जातो आणि वर डोकं दुखतं ते वेगळंच.

पहिला व्यायाम लांब-जवळ तक्त्याचा. कार्डशीटवर काळ्या स्केचपेनने दहा ओळी, प्रत्येक ओळीत दहा आकडे किंवा अक्षरं काढा, प्रत्येक साधारण एक सेंटिमीटर उंचीचं. हा तक्ता तीन मीटरवर डोळ्यांच्या उंचीला लावा. तेच आकडे त्याच क्रमाने वर्तमानपत्राच्या अक्षराएवढे छोट्या कार्डावर लिहा. वेळ नसेल तर भिंतीवरचं कॅलेंडर आणि खिशातलं छोटं कॅलेंडर यांवरही सुरुवात होते, फक्त त्यातले आकडे ओळीने येत असल्याने मुलं न बघता म्हणायला लागतात. म्हणून उलटसुलट आकड्यांचा तक्ताच बरा.

एक डोळा झाका. छोटं कार्ड ४० सेंटिमीटरवर धरून जवळ आणत आणत जिथे किंचित पुसट व्हायला लागतं तिथे थांबा आणि दोन बोटं मागे घ्या. आता लांबच्या तक्त्यावरची पहिली ओळ वाचायची, मग कार्डावरची दुसरी, पुन्हा लांबची तिसरी. नियम एकच, आकडा पूर्ण स्पष्ट झाल्याशिवाय वाचायचा नाही. पुसट आकडा अंदाजाने वाचून पुढे पळणाऱ्या मुलाचा स्नायू काहीच शिकत नाही. प्रत्येक डोळ्याला पाच मिनिटं. दर तीन-चार दिवसांनी कार्ड एक सेंटिमीटर जवळ न्या. दोन्ही डोळे वेगवेगळे सुधारले की मगच दोन्ही उघडे ठेवून करायचं. सुरुवातीपासून दोन्ही उघडे ठेवले तर चांगला डोळा काम उरकतो आणि कमजोर डोळा तसाच राहतो.

दुसरा व्यायाम दोरीचा, डोळे वळवण्यासाठी, आणि तो मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. डोळा चुकला की दोरीच तसं दाखवते. तीन मीटर पांढरी सुती दोरी किंवा जाड नाडा घ्या. बांगड्यांच्या दुकानात मोठ्या भोकाचे लाकडी मणी मिळतात, त्यातले लाल, पिवळा, हिरवा असे तीन ओवा. मणी घट्ट बसले पाहिजेत, घरंगळले तर सगळा वेळ ते सरकवण्यात जातो. दहा बाय दहाच्या खोलीत एक टोक खिडकीच्या गजाला डोळ्यांच्या उंचीवर बांधा, दुसरं टोक नाकाच्या शेंड्याला टेकवून दोरी ताणून धरा. मणी ४० सेंटिमीटर, एक मीटर आणि अडीच मीटरवर.

आता मधल्या मण्याकडे बघा. डोळे नीट वळले असतील तर मणी एक दिसतो, पण दोऱ्या दोन दिसतात आणि बरोबर त्या मण्यात एकमेकींना छेदतात, इंग्रजी एक्ससारख्या. बाकीचे दोन मणी दोन-दोन दिसतात. हे दोन दिसणं बरोबर आहे. बऱ्याच मुली इथे घाबरून सोडून देतात, म्हणून आधीच सांगून ठेवा. फुली मण्याच्या पलीकडे पडत असेल तर डोळे कमी वळतायत. अलीकडे पडत असेल तर जास्त वळतायत. एकच दोरी दिसत असेल तर एक डोळा बंद पडलाय. अशा वेळी पापण्या फडफडवा, दोरी हलकेच हलवा, खोलीतला उजेड वाढवा, आणि तरीही दुसरी दोरी उगवली नाही तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना सांगा.

प्रत्येक मण्यावर पाच सेकंद, लांब-मधला-जवळ-मधला-लांब, अशा दहा फेऱ्या. आठवडाभराने जवळचा मणी दोन-तीन सेंटिमीटर अलीकडे घ्या, असं करत करत १० सेंटिमीटरपर्यंत आणा. ते जमलं की मणी काढून टाका आणि दोरीवरून मुंगी नाकाकडे चालत येतेय असं समजून फुली तिच्याबरोबर हळूहळू आणा. मण्याचा आधार नसताना फुली हलवता आली म्हणजे वळण्याचा ताबा आला.

तिसरा व्यायाम पेन्सिलीचा. सगळे तोच करतात आणि बहुतेक चुकीचा करतात. पेन्सिलीच्या टोकाकडे बघून फोकसला काम मिळत नाही, कारण टोक पुसट झालं तरी कळत नाही. तिथे बारीक अक्षरच हवं, म्हणून मघाचीच काडी वापरा. मागे दोनेक मीटरवर भिंतीला एक पांढरं कार्ड चिकटवा. काडीवरच्या अक्षराकडे बघताना मागचं कार्ड दोन दिसलं पाहिजे. त्यातलं एक गायब झालं तर एक डोळा बंद पडलाय, थांबा, पापण्या मिटून उघडा. हातभर अंतरावरून काडी सेकंदाला एक-दोन सेंटिमीटर इतक्या सावकाश जवळ आणा. अक्षर दोन झालं की जोर लावून एक करा. चार-पाच सेकंदांत एक होत नसेल तर दोन-तीन सेंटिमीटर मागे न्या, एक करा, पुन्हा पुढे. वीस वेळा, मग एक मिनिट विश्रांती, असे तीन संच. नाकाच्या मुळापासून दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत एक अक्षर टिकवणं हे ध्येय. डोकं मागे खेचणं, डोळे किलकिले करणं, हात झटक्यात आणणं, या तिन्ही पळवाटा आहेत. खोलीतल्या मैत्रिणीला समोर बसवा किंवा मोबाईल समोर टेकवून एक मिनिटाचा व्हिडिओ काढून तुम्हाला पाठवायला सांगा. डोळा सुटताना त्यात दिसतो.

फक्त पेन्सिलीवर भिस्त ठेवू नका, असं सांगायला आधार आहे. अमेरिकेत ९ ते १७ वर्षांच्या २२१ मुलांवर केलेला एक मोठा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. वळण्याची ताकद कमी असलेल्या मुलांचे चार गट केले होते. ज्यांना आठवड्यातून एकदा दवाखान्यात तासभर थेरपी आणि बाकी दिवस घरी सराव दिला, त्यांच्यातली ७३ टक्के मुलं १२ आठवड्यांत बरी झाली किंवा सुधारली. घरी नुसती पेन्सिल करणाऱ्यांत हे प्रमाण ४३ टक्के होतं. दवाखान्यात खोटीखोटी थेरपी दिलेल्यांत ३५ टक्के होतं. म्हणजे पेन्सिलीचा फायदा फसव्या उपचारापेक्षा थोडाच जास्त. मराठवाड्यात अशी थेरपी देणारे ऑप्टोमेट्रिस्ट (नजर तपासण्याचं शिक्षण घेतलेले तज्ज्ञ) प्रत्येक तालुक्याला नाहीत, हे खरं आहे. पण लातूर किंवा संभाजीनगरात दोन-तीन आठवड्यांतून एकदा जाऊन पुढची पायरी शिकून यायची आणि मधल्या काळात घरी करायचं, एवढं जमण्यासारखं आहे.

दोरी आणि काडी जमायला लागली की शेवटी फ्लिपर येतो. तो बाजारातून उचलून आणू नका. किती ताकदीपासून सुरू करायचं ते तपासणाऱ्याने ठरवायचं असतं, बहुतेक वेळा ±१.०० पासून ±२.०० पर्यंत पायरीपायरीने जातात.

चुकतं कुठे

पहिल्या आठवड्यात डोकं थोडं जास्त दुखतं. न वापरलेले स्नायू दुखतात तसंच आहे, अर्ध्या तासात थांबलं तर हरकत नाही. दिवसभर दुखत राहिलं, उलटी झाली किंवा व्यायाम संपल्यावरही दोन दिसत राहिलं तर बंद करा.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तक्रार निम्मी होते आणि बहुतेक मुली तिथेच सोडतात. महिन्याभरात दुखणं परत येतं. मग ‘व्यायामाचा काही उपयोग नाही’ असं घरभर होतं.

परीक्षा दहा दिवसांवर आली असताना सुरू करू नका. त्या काळात ४० सेंटिमीटर अंतर, मोठा फॉन्ट आणि विश्रांती एवढंच सांभाळा. अंतर मोजायला पट्टी लागत नाही: मूठ हनुवटीला लावली की कोपर जिथे येतं, त्याच्या आत पुस्तक यायला नको.

आणि प्रत्येक पुसटपणा फोकसचा नसतो. एप्रिल-मेमध्ये कूलरचा झोत थेट तोंडावर घेऊन अभ्यास चालतो, डोळे कोरडे पडतात, अक्षरं पुसट होतात. पापण्या चार-पाच वेळा मिटल्यावर लगेच स्पष्ट दिसलं तर तो कोरडेपणा आहे. कूलर बाजूला वळवा. धुळीच्या दिवसांत डोळे खाजतात म्हणून जी मुलं ते सतत चोळतात, त्यांच्यात बुबुळ शंकूसारखं पुढे येण्याचा आजार होऊ शकतो. तिरका (सिलिंडर) नंबर भराभर बदलत असेल, अक्षराला सावली दिसत असेल तर बुबुळाचा नकाशा काढणारी टोपोग्राफी करून घ्या. तिथे कुठलाच व्यायाम कामाचा नाही. सर्दी-ॲलर्जीच्या किंवा गाडी लागू नये म्हणून घ्यायच्या काही गोळ्यांनीही जवळचं धूसर होतं, म्हणून चालू असलेल्या गोळ्या डॉक्टरांना दाखवा.

आता व्हिडिओंबद्दल. डोळे वर-खाली, डावीकडे-उजवीकडे, गोल फिरवण्याने फोकस सुधारत नाही. ते काम डोळ्याबाहेरच्या सहा स्नायूंचं आहे आणि त्यांच्यात गरजेपेक्षा कितीतरी जास्त ताकद असते. फोकसचा स्नायू आत आहे, तो अंतर बदलल्यानेच हलतो. तळहात गरम करून डोळ्यांवर ठेवल्याने बरं वाटतं, ठेवा, पण तो उपचार नव्हे. उगवत्या सूर्याकडे टक लावून बघायला सांगणारे व्हिडिओ मात्र मुलीच्या मोबाईलमधून काढून टाका. सूर्याने डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या मधोमध भाजतं आणि ती जागा भरून येईलच असं नसतं. मध, कांद्याचा रस, गुलाबपाणी डोळ्यात घालू नका. ‘व्यायामाने चष्मा घालवा’ असं जिथे लिहिलंय तिथे पैसे देऊ नका. खरा मायनस नंबर डोळ्याची लांबी वाढल्यामुळे येतो आणि कोणत्याही व्यायामाने डोळा आखूड होत नाही.

मार्कांचंही स्पष्ट सांगतो, कारण लातूरला पाठवलेल्या मुलीच्या घरी हा प्रश्न येणारच. अमेरिकेतलाच ९ ते १४ वर्षांच्या ३११ मुलांवरचा पुढचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात थेरपीने डोळ्यांचं वळणं सुधारलं, पण वाचून समजण्याच्या चाचणीत फसव्या थेरपीच्या गटापेक्षा फरक पडला नाही. डोकं न दुखता जास्त वेळ बसता येईल, एवढी अपेक्षा ठेवा.

काही गोष्टी दिसल्या तर हे सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा: अचानक दोन दिसायला लागणं, विशेषतः लांबचं दोन दिसणं, एक पापणी खाली येणं, दोन बाहुल्या लहान-मोठ्या दिसणं, सकाळी उठताच डोकं दुखून उलटी होणं, डोक्याला मार लागल्यानंतर पुसट दिसणं. खूप तहान, सारखी लघवी आणि वजन उतरणं याबरोबर नजर बदलत असेल तर आधी साखर तपासा.

नोंद ठेवायला वहीचं एक पान पुरे. तारीख, उजव्या डोळ्याचं पुसट होण्याचं अंतर, डाव्याचं, दोन्ही डोळ्यांनी शब्द दोन होण्याचं अंतर, आणि त्या दिवशी न थांबता किती मिनिटं वाचता आलं. दर रविवारी एकच नोंद, रोज मोजू नका, रोजचा आकडा झोपेवर आणि ताणावर वर-खाली होतो. चार आठवड्यांत अंतर दोन-तीन सेंटिमीटरनेही हललं नसेल तर व्यायाम वाढवू नका, वही घेऊन परत तपासायला जा. बहुतेक वेळा थेंब न घालता काढलेला नंबर, लपलेला प्लस किंवा एकाच बंद पडणाऱ्या डोळ्याची गोष्ट निघते. हलत असेल तर १२ आठवडे पूर्ण करा. शब्द दोन होण्याचं अंतर ६ सेंटिमीटरच्या आत आणि फ्लिपर ठीक आला की रोजचा व्यायाम थांबवून पुढचे सहा महिने आठवड्यातून एकदा १५ मिनिटं दोरी आणि तक्ता ठेवायचा. दोरी खिडकीच्या गजालाच बांधून गुंडाळून ठेवायला सांगा. काढून कपाटात ठेवली की पुन्हा बाहेर येत नाही.